निसर्गाची झाकणे आणि शेतकरी

सुगी आटोपली की शेतकऱ्याच्या घरी धान्याची कणगी भरली जाते आणि तिचे तोंड शेणामातीने लिंपून बंद केले जाते. पाण्याच्या घागरीवर ताटली, लोणच्याच्या बरणीवर फडक्याचा दादरा, दुधाच्या पातेल्यावर चाळणी, अशी प्रत्येक वस्तूला तिच्या जातीचे झाकण घालण्याची गृहिणीची रीत आहे. झाकण केव्हा घट्ट हवे, केव्हा हवा जाऊ देणारे हवे आणि ते केव्हा काढावे, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. निसर्गानेही वनस्पतींना, प्राण्यांना आणि मनुष्याच्या शरीराला अशीच निरनिराळी झाकणे दिलेली आहेत. ती शेतकऱ्याच्या रोज दृष्टीस पडतात. परंतु त्यांचे काम न उमजल्यामुळे ती अवेळी उघडली जातात, कधी मोडली जातात, आणि मग मध आंबतो, गाईची कास बिघडते, प्रसंगी जनावर हातचे जाते. यास्तव या झाकणांची ओळख करून घेणे प्रत्येक शेतकऱ्याच्या हिताचे आहे. ही ओळख करून घेण्यास पाचगणीचा परिसर फार सोयीचा आहे.

पठाराचे झाकण

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीस येणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ते टेबललँडचे सपाट पठार. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरील हे पठार म्हणजे डोंगरावर बसविलेले एक प्रचंड झाकणच होय. खाली आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण. वर आहे तो जांभा. काळ्या पाषाणाची दीर्घकाळ झीज होत असता पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील सिलिका व इतर विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि उन्हात घट्ट होऊन त्यांचे कठीण कवच बनले. हे कवच आहे म्हणून डोंगराचा माथा सपाट राहिला. त्याच्या कडेखाली मऊ थर झिजून पोकळ्या पडतात, आणि वरचा आधारहीन जांभा कालांतराने मोठ्या ढेपांनी कोसळतो.

जांभा कठीण असला तरी सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून मुरते आणि खालच्या चिकण थरापाशी अडून डोंगराच्या बाजूस झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे हे झाकण माथ्याचे रक्षण करते व पाण्यास वाटही देते. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश केंद्र शासनाने २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. त्यामागील विचार शेतकऱ्यासही पटण्याजोगा आहे. वरचे झाकण फुटले व त्यावरील मातीचा पातळ थर निघून गेला, तर खालच्या गावांच्या पाण्याचा भरवसा राहत नाही.

या भागातील जांभ्याच्या पठारांवर माती इतकी कमी व निकस असते की काही वनस्पतींनी पोषणाचा वेगळाच मार्ग शोधला आहे. पावसाळ्यात कासच्या पठारावर निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवे ही चिमुकली वनस्पती दाटीने फुलते. तिच्या ओल्या मातीतील भागांवर बारीक फुगे असतात व प्रत्येक फुग्यास आत उघडणारे दार असते. पाण्यातील सूक्ष्म जीव दाराजवळील केसांना लागला की दार उघडते, पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो आणि दार मिटते. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी घडून येते. कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले, ते अशाच वनस्पतिवैभवामुळे.

कळीची टोपी

जांभळाचे झाड कोणास ठाऊक नाही? परंतु त्याची कळी उमलताना फारच थोड्यांनी निरखून पाहिली असेल. जांभळाच्या पाकळ्या जास्वंदीसारख्या एकेक सुट्या होऊन उमलत नाहीत. त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात व फुलण्याच्या वेळी इवल्याशा टोपीसारख्या एकदम गळून पडतात. टोपी उडाली की आतील पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो आणि मधमाश्यांची गर्दी सुरू होते. उन्हाळ्यात जांभळीखाली या टोप्यांचा सडा पडलेला दिसतो. मधपाळाच्या दृष्टीने मध येऊ लागल्याची ती सूचना होय.

नीलगिरीचे झाड जांभळाच्याच कुळातील. त्याच्या कळीवरील टोपी अधिक टणक असते. या झाडाचे युकॅलिप्टस हे शास्त्रीय नाव ‘चांगले झाकलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून बनले आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने ते १७८८ मध्ये दिले. याच कुळातील तिसरे उदाहरण घरोघरच्या मसाल्याच्या डब्यात सापडेल. लवंगेच्या टोकाशी जो गोल मणी असतो तो म्हणजे न उमललेल्या पाकळ्यांचे झाकण होय. हे झाकण उघडण्यापूर्वीच कळ्या खुडून वाळवाव्या लागतात. फूल उमलले की लवंगेची प्रत उतरते. बाजारात बोंडासहित लवंग निवडून घेणारी गृहिणी नकळत या झाकणाचीच परीक्षा करीत असते.

तणाच्या डब्या

काही फळांचेही असेच असते. घोळीची भाजी आवडीने खाल्ली जाते. पण भाजीपाल्याच्या वाफ्यात तीच चिवट तण होऊन बसते. घोळीचे फळ म्हणजे बियांनी भरलेली छोटी डबी होय. पिकल्यावर तिच्या मध्यावर आडवी चीर पडते, वरचे टोपण सुटते आणि काळे बारीक बी मातीत सांडते. माठ, राजगिरा व कुर्डू यांचे बीही अशाच टोपणाच्या फळात तयार होते.

यातून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध सरळ आहे. खुरपणी टोपण उडण्यापूर्वी झाली पाहिजे. घोळीचे एक जोमदार झाड हजारो बिया देते व त्या बिया कित्येक वर्षे जमिनीत जिवंत राहतात. उशिरा केलेली खुरपणी म्हणजे बी झाडून पेरण्यासारखेच आहे. शिवाय घोळीचे तोडलेले तुकडे ओल्या जमिनीत पुन्हा मुळे धरतात. म्हणून उपटलेली घोळ वाफ्यात न टाकता बाहेर उन्हात वाळवावी. फळे धरलेले तण शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. खड्डा चांगला तापला नाही तर तेच बी खताबरोबर परत शेतात येते.

सातेरीच्या पोळ्यावरील झाकणे

महाबळेश्वर व जावळीच्या डोंगरी भागात सातेरी मधमाशांचे पालन हा जुना जोडधंदा आहे. महाबळेश्वराजवळील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. जांभूळ, हिरडा, गेळा आणि आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी ही येथील मधमाश्यांची शेती होय. या शेतीचे सारे गमक झाकण ओळखण्यात आहे.

माशी फुलातून आणते तो मध नव्हे, तो पातळ पुष्परस. त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. माश्या तो एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात देतात, घरांत थेंबाथेंबाने पसरतात व पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवितात. पाण्याचे प्रमाण साधारण वीस टक्क्यांच्या आसपास उतरले की रस पक्व झाला. मग त्या घराच्या तोंडावर माश्या मेणाचे पांढरे झाकण घालतात. हे झाकण शुद्ध मेणाचे व हवा रोखणारे असते. मध हवेतील ओलावा ओढून घेतो, म्हणून त्याला असेच झाकण हवे. ज्या मधावर झाकण नाही तो अद्याप कच्चा आहे, असे माशीच सांगत असते.

तथापि घाई येथेच होते. भाव चांगला आहे, पाऊस तोंडावर आला आहे, म्हणून अर्धे उघडे पोळेही यंत्रात घातले जाते. कच्च्या मधात किण्वक वाढतात, बाटलीत फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. एका डब्यातील कच्चा मध चांगल्या मधात मिसळला तर सगळाच माल बिघडतो. यास्तव चौकटीवरील किमान तीन-चतुर्थांश घरे झाकलेली असल्याखेरीज ती मध काढण्यास घेऊ नये. चौकट आडवी धरून हलका झटका द्यावा. उघड्या घरांतून रस ठिबकला तर चौकट परत पेटीत ठेवावी.

झाकणे काढताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी व पातळ काप काढावा. ते मेण फेकून देऊ नये. एक किलो मेण तयार करण्यास माश्यांना कित्येक किलो मध खावा लागतो. झाकणांचे मेण सर्वांत स्वच्छ असते. ते पाण्यात मंद आचेवर वितळवून गाळावे, भांडे थेट जाळावर ठेवू नये. मध काढून रिकामी झालेली पोळी न मोडता पेटीस परत दिली की माश्यांचे कष्ट वाचतात. डोंगराचा पावसाळा लांबलचक असतो. त्या काळात माश्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून झाकलेला सगळा मध काढून न घेता त्यांच्या पोटापुरता ठेवणे हा व्यवहारही आहे आणि न्यायही आहे.

पिल्लांच्या घरावरील झाकण मात्र निराळे असते. अंडे घातल्यापासून आठ-नऊ दिवसांनी अळीचे घर बंद केले जाते. हे झाकण मळकट रंगाचे, किंचित फुगीर व हवा खेळू देणारे असते, कारण आत जिवंत कोश श्वास घेत असतो. सातेरीच्या नरमाशीच्या घरावरील टोपणाच्या मध्यभागी एक बारीक छिद्र दिसते. नवखा मधपाळ त्यास रोग समजून घाबरतो. पण ते स्वाभाविक आहे. कामकरी माश्यांच्या घरांची झाकणे खचलेली, वेडीवाकडी फाटलेली व आत पिल्लू नावेसारखे डोके वर करून मेलेले आढळले, तर मात्र सावध झाले पाहिजे. मृत पिल्लू चिमट्याने उचलता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे निघाले तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग असण्याचा संभव असतो. १९९१-९२ च्या सुमारास या रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींची फार मोठी हानी केली. त्यावर हमखास औषध नाही. रोगट पेटीतील पोळी निरोगी पेटीस देऊ नयेत, हत्यारे स्वच्छ करावीत, पेट्यांची ने-आण थांबवावी आणि जाणकारास कळवावे.

शंखाचे दार

कृष्णाकाठच्या भातखाचरांत व डबक्यांत मोठी पाणगोगलगाय सापडते. तिच्या पायाच्या मागील भागावर एक टणक चकती असते. गोगलगाय अंग आत ओढून घेते तेव्हा ही चकती शंखाच्या तोंडावर अचूक बसते. खाचर आटू लागले की ती चिखलात शिरते, दार लावून घेते आणि पुढील पाऊस येईपर्यंत आतच राहते. तिला कल्ल्याबरोबर हवेत श्वास घेण्याचे फुप्फुसासारखे इंद्रियही असते.

पिकांचा नाश करणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय जमिनीवर राहणारी आहे. तिला असे कायमचे दार नसते. उन्हाळ्यात ती बांधाच्या फटीत, दगडांच्या ढिगात किंवा मातीत दडते आणि अंगातील चिकट स्रावाचा पडदा शंखाच्या तोंडावर वाळवून घेते. या पडद्याआड ती महिनोन्महिने अन्नपाण्याविना राहू शकते. पहिला पाऊस पडला की पडदा फोडून बाहेर येते आणि कोवळी रोपे फस्त करते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत सोयाबीनच्या उगवत्या पिकाचे गोगलगायींनी मोठे नुकसान केले. कित्येकांस दुबार पेरणी करावी लागली.

शत्रू दार लावून बसला आहे, तेव्हाच त्याचा बंदोबस्त करणे सोपे असते. उन्हाळी नांगरट करावी, बांध स्वच्छ ठेवावेत, दगड व पालापाचोळ्याचे ढीग उपसून दडलेल्या गोगलगायी वेचाव्यात. पाऊस सुरू झाल्यावर गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे सायंकाळी बांधाच्या कडेने अंथरावीत व सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून साबणाच्या अगर मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हाताशी मोजे किंवा पिशवी असावी. एक मादी-नर असा भेद या गोगलगायीत नसतो. प्रत्येक पूर्ण वाढलेली गोगलगाय मातीत शंभराहून अधिक अंडी घालू शकते. म्हणून हे काम एकट्याने न करता साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात केले तरच फळ मिळते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरावयाच्या तर शिफारशीप्रमाणेच वापराव्यात आणि कुत्री, कोंबड्या व मुले यांच्यापासून त्या दूर ठेवाव्यात.

झाकण नसलेले फळ

पाचगणी-महाबळेश्वरचे नाव ज्या फळाने दूरवर नेले त्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु या फळास निसर्गाने सालच दिलेली नाही. आंब्याला साल आहे, केळ्याला जाड आवरण आहे, नारळाला तर सोडण व करवंटी अशी दुहेरी तटबंदी आहे. स्ट्रॉबेरीचा गर उघडा, आणि ज्यांस आपण बिया म्हणतो ती तिची खरी फळे वरच्या पृष्ठावर जडविलेली. त्यामुळे मातीचा स्पर्श, पाण्याचा थेंब किंवा बोटाचा दाब यांपैकी काहीही तिला सोसत नाही.

निसर्गाने न दिलेले झाकण येथे शेतकऱ्यास पुरवावे लागते. गादीवाफ्यावर आच्छादनाचा कागद अंथरला की फळ मातीस टेकत नाही, ओल टिकते, तण दबते आणि करड्या बुरशीचा उपद्रव कमी होतो. पूर्वी हेच काम भाताच्या काडाने वा गवताने होत असे व आजही होऊ शकते. हंगाम संपल्यावर प्लॅस्टिकचा कागद मात्र गोळा करून शेताबाहेर काढलाच पाहिजे. तो तसाच नांगरला तर जमिनीचे कायमचे नुकसान होते.

फळाच्या देठाशी असलेली हिरवी टोपी हे स्ट्रॉबेरीचे एकमेव झाकण होय. ती ओढून काढली की गराला जखम होते व तेथून कूज सुरू होते. म्हणून फळ दोन बोटांत न दाबता, देठ नखाने किंवा कात्रीने तोडून, टोपीसहित काढावे. तोडणी सकाळी, दव ओसरल्यावर व ऊन तापण्यापूर्वी करावी आणि फळे उथळ डब्यांत एकाच थरात भरावीत.

डोळा, घसा आणि सड

आता गोठ्यात येऊ. गाय, म्हैस, घोडा व कोंबडी यांच्या डोळ्यांस वरच्या व खालच्या पापणीखेरीज नाकाच्या बाजूस एक तिसरी पापणी असते. मनुष्यात तिचा अवशेष डोळ्याच्या कोपऱ्यातील गुलाबी घडीच्या रूपाने उरला आहे. ही पापणी डोळा पुसते व ओलसर ठेवते. ती वाढलेले मांस समजून कोणी कापू नये. टेबललँडवर घोडे बाळगणाऱ्यांनी तर तिच्यावर विशेष लक्ष ठेवावे. खुरात खिळा गेल्यानंतर काही दिवसांनी घोडा ताठरला, कान व शेपूट उभारली आणि तिसरी पापणी डोळ्यावर सरकू लागली, तर तो धनुर्वात समजावा आणि विनाविलंब पशुवैद्यकास बोलवावे. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी टोचून घेणे हाच खरा उपाय होय.

घशातील झाकण त्याहून महत्त्वाचे आहे. अन्न व हवा यांचे मार्ग घशात एकमेकांस छेदतात. श्वासनळीच्या तोंडाशी कूर्चेची एक पानासारखी झडप असते. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, झडप त्यावर झुकते आणि घास मागील अन्ननळीत उतरतो. ही झडप म्हणजे पडजीभ नव्हे. पडजीभ टाळूस लोंबते व आरशात दिसते. ही झडप जिभेच्या मुळाशी खोल असते. ती आपले काम करते ते गिळण्याच्या क्रियेबरोबरच. जेथे गिळणे नाही तेथे झाकण नाही, हे सूत्र ध्यानात ठेवले तर पुष्कळ अनर्थ टळतील.

गावोगावी घडणारा प्रसंग पाहा. रात्री गाईचे पोट फुगते. घरची माणसे कंदील घेऊन धावतात. एक जण शिंगे धरून तोंड आकाशाकडे करतो, दुसरा जीभ बाहेर ओढतो, तिसरा बांबूच्या नळकांड्याने तेल घशात ओततो. गाय धडपडते, ठसकते, आणि ‘औषध गेले एकदाचे’ असे म्हणून सारे निश्चिंत होतात. दोन दिवसांनी गाय ताप घेऊन धापा टाकू लागते, नाकातून घाण वासाचा स्राव येतो, आणि ती पोटफुगीने नव्हे तर फुप्फुसात गेलेल्या औषधाने दगावते. मान फार उंच केली व जीभ ओढून धरली की जनावरास गिळताच येत नाही. झडप उघडी राहते व औषध सरळ श्वासनळीत जाते. तेलाने तर ठसकाही नीट लागत नाही. त्यामुळे ते छातीत उतरल्याचे कळतही नाही.

औषध पाजताना जनावराचे नाक डोळ्यांच्या पातळीहून वर नेऊ नये. जीभ मोकळी ठेवावी. ओठाच्या कोपऱ्यातून, दातांच्या व गालाच्या मधल्या पोकळीत, थोडे थोडे ओतावे व प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करावी. ठसका लागताच मान सोडून थांबावे. आडवे पडलेल्या, गुंगीत असलेल्या किंवा दुग्धज्वराने मान टाकलेल्या जनावरास तोंडाने काहीही पाजू नये. त्यास पशुवैद्यकाचीच मदत हवी.

हाच नियम माणसासही लागू आहे. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या मनुष्याच्या तोंडात पाणी, दूध अगर औषध घालू नये. त्यास कुशीवर वळवावे व दवाखान्यात न्यावे. लहान मुलांस अखंड शेंगदाणे, फुटाणे किंवा चिंचोके देऊ नयेत. हसता-रडताना श्वास घेतला की दाणा श्वासनळीत अडकतो.

तिसरे झाकण सडाच्या टोकाशी आहे. तेथे सुमारे एक सेंटिमीटर लांबीची बारीक वाट असून तिच्याभोवती मिटणारा स्नायू व आत मेणासारख्या द्रव्याचा लेप असतो. हे द्रव्य जंतूंना अडवून धरते. दूध काढल्यानंतर ही वाट लगेच मिटत नाही. निदान अर्धा ते एक तास ती सैल असते. त्या वेळात गाय शेणामुतात बसली तर जंतू सरळ कासेत शिरतात आणि कासदाह होतो. म्हणून धार काढून होताच गाईपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती उभी राहील. सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत व गोठा कोरडा ठेवावा. सड बंद झाला म्हणून त्यात काडी, पीस किंवा सुई घालणे म्हणजे घराचे कुलूप फोडून चोरास वाट देणे होय. गाय आटल्यावर सडाच्या तोंडाशी या द्रव्याची गुडदी बसते व पुढील वेतापर्यंत तेच कासेचे झाकण असते. आटलेल्या गाईचे सड उगाच पिळून पाहण्याची सवय त्यामुळेच घातक ठरते.

अंडे आणि मासा

अंड्याच्या कवचास हजारो सूक्ष्म छिद्रे असतात व कोंबडी अंडे घालताना त्यांवर एक पातळ लेप चढतो. अंडी धुतली की हा लेप जातो. गार पाण्याने धुतल्यास आतील द्रव्य आकसते व छिद्रांतून घाण पाणी आत ओढले जाते. उबवणीची अंडी धुवू नयेत. किरकोळ मळ कोरड्या फडक्याने पुसावा आणि अंडी स्वच्छ मिळावीत यासाठी खुराड्यातील तूस वारंवार बदलावे.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी माशाच्या कल्ल्यावरील झाकणाकडे पाहावे. ते संथपणे उघडमीट करीत असेल तर मासा सुखी आहे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वर करून झाकणे भराभर हलवीत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. त्या दिवशी खाद्य व शेण घालणे बंद ठेवावे आणि ताजे पाणी सोडावे किंवा पंपाने पाणी उडवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

वरील माहिती सभेत वाचून दाखविण्यापेक्षा प्रत्यक्ष वस्तू हाती देऊन सांगितल्यास ती अधिक लवकर पटते. लवंगेचे बोंड पाण्यात भिजवून टाचणीने उघडून दाखवावे. घोळीची पिकलेली डबी तळहातावर फोडावी. झाकलेल्या व उघड्या मधाची चौकट शेजारी शेजारी धरावी. जनावरास औषध पाजण्याची योग्य रीत पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने गोठ्यातच करून दाखवावी, आणि त्या वेळी घरातील स्त्रियाही हजर असतील असे पाहावे. कारण गोठ्याचे बरेचसे काम त्यांच्याच हातून होते.

शेतकरी बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. तीन-चतुर्थांश झाकल्याखेरीज पोळ्यातील मध काढू नये व पावसाळ्यापुरता मध माश्यांना ठेवावा.

२. घोळ, माठ, कुर्डू यांची खुरपणी फळे पिकण्यापूर्वी करावी.

३. गोगलगायींचा बंदोबस्त उन्हाळ्यात व पहिल्या पावसाच्या आठवड्यात साऱ्या शिवाराने मिळून करावा.

४. स्ट्रॉबेरी हिरव्या टोपीसहित तोडावी.

५. जनावराची मान उंच करून व जीभ ओढून औषध पाजू नये. पडलेल्या जनावरास तोंडाने काही देऊ नये.

६. धार काढल्यावर गाय अर्धा ते एक तास उभी ठेवावी. सडात काहीही घालू नये.

७. उबवणीची अंडी धुवू नयेत.

यांपैकी पाचवी व सहावी गोष्ट पाळण्यास एका पैशाचाही खर्च नाही. धार काढून झाल्यावर गाईपुढे टाकावयाची पेंढी आधी बाजूस काढून ठेवली म्हणजे झाले.